किनाऱ्यावर आकाशवाणीचं मुंबई केंद्र खणखणीत का लागायचं?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. मी रेडिओच्या मध्यम लहरींच्या (मीडियम वेव्ह) ट्रान्समीटरवर नोकरी केली हे कळलं की कोकणातली माणसं हमखास विचारतात, "आमच्याकडे भरदुपारीही मुंबई खणखणीत लागायची. तेवढ्याच अंतरावर घाटावर नुसती खरखर. डोंगर आडवा येतो म्हणून का हो?"

डोंगराचा वाटा आहेच, पण खरं कारण पायाखाली आहे. मध्यम लहर दिवसा जमिनीला धरून जाते. समुद्राचं खारं पाणी कोरड्या खडकाळ जमिनीपेक्षा हजारो पटींनी चांगलं विजेचं वाहक. १ मेगाहर्ट्झची लहर त्यात जेमतेम पाव मीटर शिरते. खडकाळ जमिनीत पंधराएक मीटर. पाणी तिला फारसं आत घेत नाही, म्हणून ती टिकते. जमीन आत घेते आणि ऊर्जेची उष्णता करून टाकते.

जर्मन भौतिकशास्त्रज्ञ आर्नोल्ड झोमरफेल्ड यांनी १९०९ साली याचं गणित मांडलं, पण जमीन सगळीकडे एकसारखी धरून. प्रत्यक्षात वाटेत शेत येतं, खाडी येते, मग समुद्र. जमिनीवर क्षीण झालेली लहर पाण्यावर गेली की काय होतं? पुढे काही अंतर तिची तीव्रता चक्क वाढते! मला हे आजही विलक्षण वाटतं. नवी ऊर्जा कुठून येत नाही. जमिनीलगतचा थर झिजलेला असतो, वरचा शाबूत असतो, आणि पाण्यावर पोचताच वरची ऊर्जा खाली उतरते. ब्रिटिश संशोधक मिलिंग्टन यांनी १९४९ मध्ये अशा मिश्र मार्गाचा हिशेब दिला: एकदा ट्रान्समीटरकडून, एकदा उलट ऐकणाऱ्याच्या रेडिओकडून तीव्रता काढायची आणि दोन्हींची भूमितीय सरासरी (गुणाकाराचं वर्गमूळ) घ्यायची. दिशा उलटली तरी उत्तर तेच यायला हवं, ही अट त्यात आपोआप पाळली जाते.

जमिनीला एवढं महत्त्व, म्हणूनच नुसत्या मास्टला, म्हणजे ट्रान्समीटरच्या उंच मनोऱ्याला, अँटेना म्हणणं मला पटत नाही. बुडाशी चिनी मातीचा जाडजूड इन्सुलेटर, त्यावर उंच लोखंड, एवढंच लोकांना दिसतं. भोवतीच्या गवताखाली चाकाच्या आऱ्यांसारख्या तांब्याच्या तारा पुरलेल्या असतात. अमेरिकेत १९३७ साली ब्राउन, लुइस आणि एपस्टाइन या अभियंत्यांनी मोजमापं प्रसिद्ध केली, तेव्हापासून १२० तारांचा पायंडा पडला. मास्टचा परतीचा प्रवाह त्याच गोळा करतात. त्या तुटल्या की वीज मातीत जिरते.

रात्रीची गोष्ट वेगळी. दिवसा लहर शोषणारा आयनांबरातला (वातावरणाच्या वरच्या, विद्युतभारित भागातला) खालचा थर सूर्यास्तानंतर विरतो, वरच्या थरावरून लहर परत फिरते, आणि मग घाटावरही मुंबई लागायची.