कच्च्या टाक्यावर घेतलेला गेम

बडोद्यात, रावपुऱ्यात बाबांचं शिंपीकामाचं दुकान होतं. आता बंद केलंय, पण तिथली कोट शिवायची पद्धत माझ्या डोळ्यांसमोर जशीच्या तशी आहे. कापड गिऱ्हाइकाचं. माप घेतलं की अस्तर आणि कॅनव्हासपुरते पैसे आगाऊ घ्यायचे. आठवड्याने ट्रायल. ट्रायलचा कोट म्हणजे एक बाही लागलेली, दुसरी टेबलावर, जिकडेतिकडे पांढऱ्या दोऱ्याचे कच्चे टाके आणि खडूच्या रेघा. गिऱ्हाईक आरशासमोर हात वरखाली करायचं, बाबा ओठांत टाचण्या धरून काखेपाशी दोन बोटं घालून बघायचे, आणि कुठे सोडायचं, कुठे धरायचं ते तिथेच ठरायचं. शिलाईचे पैसे मात्र कोट इस्त्री होऊन गिऱ्हाइकाच्या हातात पडल्यावरच. "कच्च्या टाक्यावर शिलाई घ्यायची नाही," हे त्यांचं वाक्य ऐकतच मी मोठी झाले.

२०२२ च्या दिवाळीत मी स्टीमवर, म्हणजे कॉम्प्युटर गेमच्या ऑनलाइन दुकानात, एक अर्धवट गेम पूर्ण पैसे देऊन घेतला आणि बाबांना तसं सांगितलं. ते म्हणाले, "अगं, मग शिवून झाल्यावर घे ना."

गेमचं नाव मी इथे देणार नाही. करणारी दोन-तीन माणसं होती आणि त्यांच्यावर माझा राग नाही. एक बेट, एक छोटं बंदर, होड्या, आणि टेकडीवर आपण बांधत न्यायचं दीपगृह. मकरपुऱ्याच्या जीआयडीसी औद्योगिक वसाहतीत माझी नोकरी आहे, पंपांच्या कारखान्यात तपासणीची. दिवसभर मोजमाप आणि गुजरातीत हुज्जत करून दांडिया बाजारात घरी आलं, जेवणं उरकली, की दहा ते साडेअकरा मी त्या बंदरावर असायचे. दीपगृहाला एकेचाळीस पायऱ्या होत्या. मी मोजल्या होत्या. बेचाळिसाव्या जागी नुसती राखाडी फळी, त्यावर 'काम चालू आहे' अशी पाटी, आणि फळीच्या फटीतून खाली समुद्र दिसायचा. वर काय येणार ते रोडमॅपमध्ये, म्हणजे पुढच्या कामांच्या यादीत, लिहिलेलं होतं. सात चौकोन, त्यातल्या दोनांवर बरोबरची खूण.

धक्क्यावर एक म्हातारी शीड शिवत बसलेली असायची. जाड कॅनव्हासचं शीड, आणि ही बाई सुई उघड्या बोटाने आत ढकलायची. शिंप्याच्या मुलीला ते बघवेना. तसं कापड शिवताना बोटात अंगुस्तान नसेल तर सुईचं नेढ्याकडचं टोक सरळ मांसात जातं. मी बाबांना खिडकीपाशी बसवलं, मधल्या बोटात त्यांचं पितळी अंगुस्तान, हातात जुन्या पिशवीचा जाड तुकडा, आणि सुई ढकलताना तीन फोटो काढले. ते गेमच्या डेव्हलपरला पाठवले, खाली चार ओळी लिहिल्या. तीन आठवड्यांनी अपडेट आलं. बदलांच्या यादीत, होडीच्या वेगाच्या आणि पावसाच्या मध्ये, एक ओळ होती: शीड शिवणाऱ्या बाईचा हात दुरुस्त केला. मी धावत लॅपटॉप उघडला. तिच्या मधल्या बोटावर पिवळसर ठिपका होता आणि सुई आता त्या ठिपक्याने पुढे जात होती.

बाबांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावला, बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "हां. आता बरोबर."

अर्धवट गेम का घ्यायचा, याला माझं उत्तर हेच आहे. पूर्ण झालेल्या गेममध्ये तुम्ही गिऱ्हाईक असता. इथे ट्रायलला उभे असता आणि तुमच्या सांगण्यावरून खडूची रेघ बदलते. हा आनंद खरा आहे आणि मला तो आजही हवा आहे.

या सगळ्याला रीतसर दार मिळालं ते २० मार्च २०१३ ला. स्टीमने बारा गेम घेऊन 'अर्ली ॲक्सेस', म्हणजे पूर्ण होण्याआधीच गेम विकायची सोय, सुरू केलं, त्यात केर्बल स्पेस प्रोग्रॅम आणि प्रिझन आर्किटेक्ट होते. दोन्ही २०१५ मध्ये पूर्ण झाले. त्याआधी माइनक्राफ्ट २००९ पासून अर्धवटच विकला जात होता, पण तो करणाऱ्यांनी केलं ते बाबांना पटलं असतं. अल्फा, म्हणजे अगदी कच्चा, असताना जवळपास १० युरो, बीटा, म्हणजे बराचसा तयार, झाल्यावर १५, आणि नोव्हेंबर २०११ मध्ये पूर्ण झाला तेव्हा २०. काम जितकं झालं तितकी शिलाई. हेडीज या गेमला पूर्ण व्हायला पावणेदोन वर्षं लागली. बाल्डर्स गेट ३ या गेमचा नुसता पहिला अंक लोक ऑक्टोबर २०२० पासून ऑगस्ट २०२३ पर्यंत खेळत होते. आणि त्याच केर्बलचा दुसरा भाग फेब्रुवारी २०२३ मध्ये ५० डॉलरला अर्धवट आला, पुढच्या वर्षी त्याचं काम थांबलं. म्हणजे दोन्ही होतं, आणि कुठलं होणार हे घेताना कळत नाही.

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीला पूर आला, तो आठवडा बडोद्यात कोणी विसरणार नाही. समाला राहणारी मावशी दोन दिवस वरच्या मजल्यावर अडकली होती, पाणी उतरल्यावर आमच्याकडे आली. तिचे कपडे, भिजलेली कागदपत्रं, औषधं यांतच माझे दिवस गेले. नंतर एका रात्री लॅपटॉप उघडला तर बंदराच्या गेमवर नवी सूचना. 'आम्ही थोडी विश्रांती घेतोय, लवकरच भेटू.' त्यानंतर काहीच नाही. मी ऑक्टोबरात लिहिलं, जानेवारीत लिहिलं. उत्तर आलं नाही. सातातल्या तीन चौकोनांवर खूण झाली होती. चार तसेच राहिले.

त्यांचं काय झालं असेल? आजारपण, पैसे संपणं, आपसात बिनसणं, काहीही असू शकतं. दोन-तीन माणसांच्या कामात एक जण आडवा झाला की दुकान बंद, हे मी घरात पाहिलंय. म्हणून राग नाही म्हणते. माझी तक्रार विकण्याच्या रीतीबद्दल आहे.

स्टीमचा परताव्याचा नियम जून २०१५ पासूनचा आहे: घेतल्यापासून चौदा दिवसांच्या आत, आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असेल तर पैसे परत. पूर्ण गेमला तो ठीक आहे. चालतोय का, आवडतोय का, दोन तासांत कळतं. पण अर्धवट गेमचं दुखणं दोन तासांत दिसतच नाही. माझी राखाडी फळी मला अकराव्या तासाला दिसली, आणि काम थांबलंय हे दोनेक वर्षांनी. ज्या मालाचा दोष उशिरा कळणार हे विकणाऱ्याला आधीच माहीत आहे, त्याला तीच मुदत लावणं मला अन्यायाचं वाटतं. काही जणांना काम पूर्ण करणं जमणार नाही, म्हणून आज आहे तसा खेळायला आवडत असेल तरच घ्या, हे स्टीम स्वतःच सांगतं. सांगतात हे चांगलंच. पण सांगून टाकलं की जबाबदारी संपली, असं रावपुऱ्यात चाललं नसतं.

एक बदल २०२५ च्या फेब्रुवारीत झाला आणि तो मला मनापासून बरा वाटला. वर्षाहून जास्त काळ अपडेट नसेल तर गेमच्या पानावरच तसा इशारा दिसतो. माझ्या बंदराच्या पानावरही आता तो आहे. बाराशे शब्दांचा रोडमॅप वाचण्यापेक्षा ती एक ओळ नव्या माणसाला जास्त सांगते.

मी आता घेताना काय करते? रोडमॅप उघडतच नाही. जुन्या अपडेटच्या तारखा खालून वर वाचते, मध्ये किती महिन्यांचा खंड आहे ते बघते. जुने सेव्ह, म्हणजे आधी खेळून साठवलेला डाव, नव्या अपडेटनंतर चालतात का हे लोकांनी लिहिलेलं वाचते. आणि आज जेवढं आहे तेवढ्यालाच ही किंमत मी देईन का, हे स्वतःला विचारते. त्यातून गेल्या वर्षी प्रोजेक्ट झोम्बॉइड हा गेम घेतला. २०११ पासून त्याचं काम चालू आहे, अजून अर्धवटच म्हणवतो. त्या पहिल्याच वर्षी घरफोडीत तो करणाऱ्यांचे लॅपटॉप गेले, त्यात कोड होता, तरी ती माणसं पुन्हा बसली. तारखांच्या त्या यादीत मला हेच बघायचं असतं.

त्यात शिवणकामही आहे. फाटलेल्या कपड्याला सुईदोऱ्याने ठिगळ लावायचं, डेनिम आणि चामड्याच्या पट्ट्या कात्रीने काढायच्या, दंड, छाती, मांडी, जिथे फाटलंय तिथे वेगवेगळं ठिगळ. परवा बाबा शेजारी बसून बघत होते. मी दंडाला चामडं लावलं, तर म्हणाले, "तिथे चामडं कोण लावतं, हात वर होणार नाही." मग जरा थांबून विचारलं, "ती तुझी म्हातारी कुठे गेली?"

मी बंदराचा गेम सुरू केला. धक्क्यावर ती होती, शीड मांडीवर, बोटात पिवळा ठिपका. बाबांनी खुर्ची पुढे ओढली.

"टाका सरळ घालते," ते म्हणाले.