‘सेट’ची दोन घराणी

१९८९च्या ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीत सर्वांत लांब नोंद होती ‘सेट’ची, अर्थ चारशेच्या वर. पुढे ‘रन’ने त्याला मागे टाकलं. हे सगळं घोकायची गरज नाही. दोन मुळं कळली की बराचसा पसारा आवरतो.

क्रियापद जुन्या इंग्रजीतल्या ‘सेट्टन’वरून आलं. ते ‘सिट’चं प्रयोजक रूप, म्हणजे आपलं बसणे-बसवणे. स्वर बदलून प्रयोजक करायची खोड दोन्ही भाषांत आहे: आपल्याकडे पडणे-पाडणे, तिकडे ‘फॉल’ (पडणे) आणि ‘फेल’ (fell, झाड तोडून पाडणे). ‘सिट’ आणि संस्कृत ‘सद्’ एकाच कुळातले. सदन, संसद, परिषद त्यातलीच.

म्हणून निखळलेलं हाड सेट करतात, कोंदणात खडा सेट करतात. दोन्हीकडे मराठी ‘बसवणे’ चपखल. करवतीचा ‘सेट’ मात्र बघण्यासारखा. तिचे दात आळीपाळीने एक डावीकडे, एक उजवीकडे किंचित वाकवलेले असतात, त्यामुळे चीर पात्यापेक्षा रुंद पडते. सेट कमी झाला की पातं लाकडात अडकतं. जास्त झाला की लाकूड वाया जातं आणि काप खडबडीत येतो.

सिमेंट ‘सेट होणं’ म्हणजे वाळणं, असं सर्रास समजतात. चूक. ती पाण्याशी होणारी रासायनिक प्रक्रिया आहे. मिश्रण काही तासांत आकार धरतं, ते सेटिंग. ताकद नंतर वाढत जाते आणि रूढ चाचणी २८व्या दिवशी होते. लवकर वाळलं तर उलट कच्चं राहतं, म्हणून तर पाणी मारत राहायचं.

वस्तूंचा ‘सेट’ मुळात वेगळ्या घरचा. लॅटिन ‘सेक्ता’, म्हणजे एखाद्याच्या मागून जाणारे, जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला. ‘सेक्ट’ (पंथ) त्याचा सख्खा भाऊ, ‘सिक्वेल’ चुलत, आणि संस्कृतातला ‘सचिव’ लांबचा नातेवाईक. उच्चार जुळला आणि दोन्ही घराणी एकमेकांत मिसळली. नाटकाचा सेट मात्र पहिल्या घरचा: तो उभा केलेला, मांडलेला असतो.

लिहिताना दोन ठिकाणी घसरायला होतं. भूतकाळही ‘सेट’च, ‘सेटेड’ असं रूप नाही, कारण शेवटच्या ‘ट’मध्ये प्रत्यय विरघळून गेला, ‘पुट’ आणि ‘कट’सारखाच. आणि ‘सेटअप’ नाम असेल तर जोडून, क्रियापद असेल तर ‘सेट अप’ तोडून.