पिवळी रेघ

1970च्या दशकात तयार झालेली एक पोर्शे 911 त्या सकाळी दोन तक्रारी घेऊन माझ्याकडे आली. ॲक्सिलरेटर सोडून पुन्हा दाबला की मागून ‘टक्’ असा एकच आवाज येतो आणि लांबचा प्रवास करून गाडी थांबवली की जळक्या ग्रीसचा वास येतो, असे मालकांनी सांगितले. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीचा जॉइंट, म्हणजे ॲक्सलच्या टोकाला बसणारा आणि कोनात राहूनही चाकाकडे शक्ती पोहोचवणारा सांधा, झिजला, तर तो वळताना कटकट करतो आणि ते सर्वांना ठाऊक असते. या गाडीत शक्ती मागच्या चाकांना मिळते आणि ती चाके वळत नाहीत. त्यामुळे तिथला झिजलेला जॉइंट ऐकू येतो तो भार एका बाजूने दुसऱ्या बाजूला जाताना. मालकांनी ऐकलेला ‘टक्’ नेमका तोच होता.

गाडी स्टँडवर चढवून खाली पाहिले, तेव्हा वासाचेही कारण सापडले. डाव्या ॲक्सलच्या गिअरबॉक्सकडच्या जॉइंटमधून ग्रीस भोवऱ्यासारखे बाहेर फेकले गेले होते आणि त्याचा काळा पट्टा एक्झॉस्टच्या गरम भागावर जळून बसला होता. ग्रीस आत धरून ठेवणारे रबरी आवरण, म्हणजे बूट, मात्र कुठेही फाटलेला नव्हता. गळती होती ती जॉइंट आणि गिअरबॉक्सची फ्लँज (जॉइंट जिला बोल्टने जोडतात ती चकती) यांच्या सांध्यातून, आणि त्या सांध्याबाहेर लाल सिलिकॉनचा बोटभर जाड लगदा वाळून लोंबत होता. ज्याने कोणी हे काम केले असेल, त्याच्या नावाने मी मनातल्या मनात बोटे मोडली आणि बोल्टच्या डोक्यांत साचलेली घाण टोच्याने उकरायला बसलो. हे उकरणे कंटाळवाणे असले तरी ते टाळू नये, कारण मळ तसाच ठेवून ॲलन की लावली, तर ती पुरती आत बसत नाही, डोक्यातली कड झिजते आणि मग पाच मिनिटांच्या बोल्टवर अर्धा दिवस जातो.

तिसरा बोल्ट साफ करताना त्यावर एक पिवळी रेघ दिसली. टॉर्क रेंचने, म्हणजे मापून आवळणाऱ्या पान्याने, आवळून झालेल्या प्रत्येक बोल्टवर डोक्यापासून फ्लँजपर्यंत पिवळ्या रंगाची रेघ ओढण्याची सवय मला फार वर्षांपासून आहे, आणि त्या रेघेची जाडी नि तिरकेपणा पाहून दुसऱ्या कुणाचा संशय घ्यायला जागा उरली नाही. जुनी वही काढून पाहिली. तीन वर्षांपूर्वी गाडी आधीच्या मालकांकडे असताना या बाजूचे बूट मीच बदलले होते. त्या दिवशी कागदी पॅकिंग बसवताना फाटले, हाताशी दुसरे नव्हते, आणि कागदापेक्षा सिलिकॉन बरे अशी समजूत करून घेऊन मी ते दोन्ही पृष्ठभागांवर सढळ हाताने थापले होते. सहापैकी चार बोल्टवरच्या रेघा आता मधोमध तुटून सरकल्या होत्या, म्हणजे ते बोल्ट हळूहळू सैल होत गेले होते.

असे का झाले, हे समजायला या गाडीची ठेवण पाहावी लागते. 1969च्या मॉडेलपासून 911च्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधील अंतर 57 मिलिमीटरने वाढवण्यात आले, ते मागची चाके आणखी मागे नेऊन. इंजिन आणि गिअरबॉक्स होते तिथेच राहिले. परिणामी ॲक्सल गिअरबॉक्सपासून चाकाकडे जाताना मागच्या दिशेने तिरका जातो आणि गाडी सरळ रस्त्यावर धावत असतानाही जॉइंट कोनातच फिरतो, त्यातले छर्रे प्रत्येक फेऱ्यात पुढेमागे सरकतात, ग्रीस तापते आणि ते सतत बाहेरची वाट शोधत असते. अशा ठिकाणी दोन धातूंच्या मध्ये मऊ, जाड थर राहिला, तर तो बोल्टच्या ताणाखाली दबत जातो, तो जितका दबतो तितका ताण कमी होतो, आणि मग सांधा सूक्ष्म हालचाल करू लागतो. ग्रीसला तेवढी फट पुरते. शिवाय त्या वेळी मी पृष्ठभागांवरचा ग्रीसचा ओशटपणा पुरता काढला नसावा, कारण लगदा सोलताना तो एका जागी सालीसारखा अख्खा निघून आला.

दोन्ही ॲक्सल उतरवून मी चारही जॉइंट उघडले. गळक्या जॉइंटमध्ये काळे, पातळ ग्रीस जेमतेम चमचाभर उरले होते आणि चरांमध्ये नखाला लागतील असे खड्डे पडले होते. गाडी बहुतेक वेळ पुढेच धावत असल्याने चराच्या एकाच बाजूवर भार येतो, म्हणून जुने जाणकार डावा-उजवा ॲक्सल अदलाबदल करून जॉइंटचे आयुष्य वाढवतात. नुसती चकाकी आलेली असेल तर ही युक्ती चालते, पण खड्ड्यांपुढे ती निरुपयोगी आहे. बाकीचे तीन इतके वाईट नव्हते, तरीही मी चारही नवे घ्यायचे सुचवले, आणि हा दोष माझ्या जुन्या कामाचा असल्याचे मालकांना सांगून मजुरी घेणार नाही असेही सांगितले. ते काही क्षण गप्प राहिले आणि मग म्हणाले, “पॅकिंग या वेळी दोन-दोन आणून ठेवा.”

दुपारपर्यंत तीन जॉइंट ग्रीस भरून तयार झाले. चौथ्यात मॉलिब्डेनमचे ग्रीस अंगठ्याने दाबत असताना मी आतली रेस, म्हणजे छर्ऱ्यांचे चर असलेले आतले कडे, प्रमाणाबाहेर तिरकी केली आणि सगळा जॉइंट हातात विस्कटला. छर्रे टेबलावर टणटणत पडले. हाताखालच्या मुलाने ते गोळा केले आणि म्हणाला, “काका, पाचच आहेत.” आम्ही पाऊण तास फरशीवर गुडघे टेकून शोधत होतो, सहावा छर्रा अखेर ग्रीसच्या उघड्या डब्यात चुंबक फिरवल्यावर वर आला. दुसऱ्या जॉइंटचा छर्रा घालून भागत नाही, कारण छर्रे, त्यांना जागी धरणारी केज आणि रेस एकमेकांच्या मापाने जुळवलेले असतात.

जोडणीतही एक खोच आहे. या प्रकारच्या जॉइंटमधले चर आळीपाळीने विरुद्ध दिशांना कललेले असतात, त्यामुळे एका तोंडाकडून पाहिले तर त्यांच्यामधला भाग एकाआड एक रुंद आणि अरुंद दिसतो. बाहेरच्या रेसचा अरुंद भाग आतल्या रेसच्या रुंद भागासमोर यावा लागतो. रुंदासमोर रुंद आला तर छर्रे कसेबसे आत जातात, पण जॉइंट दगडासारखा अडकतो. तो धुऊन, पुसून, दोनदा पडताळून मी पुन्हा जोडला आणि हातात सहज फिरू लागल्यावरच शाफ्टच्या टोकाच्या दातेरी भागावर, म्हणजे स्प्लाइनवर, चढवला. जॉइंट निसटू न देणारी कडी, म्हणजे सर्क्लिप, खाचेत बसल्याचा आवाज ऐकूनही मी जॉइंट ओढून पाहिला.

बंद करण्याचे काम संध्याकाळी सुरू झाले आणि ते मी मुद्दाम सावकाश केले. फ्लँजवरचे जुने सिलिकॉन प्लास्टिकच्या पात्याने खरवडले, ब्रेक क्लीनर मारून कोरडे पांढरे फडके फिरवले, ते काळे झाले की नवे घेतले, आणि शेवटचे फडके पांढरेच परत आले तेव्हा कागदी पॅकिंग कोरडेच बसवले. बुटाची पत्र्याची कड जिथे जॉइंटला भिडते, तिथे मात्र सीलंटची सुतासारखी बारीक धार दिली. बोल्टचे आटे आणि फ्लँजची भोके दोन्ही धुतली, कारण आट्यांत ग्रीस राहिले तर टॉर्क रेंचचा आकडा फसवा ठरतो. बुटाची लहान क्लिप आवळण्यापूर्वी त्याच्या ओठाखाली बोथट सळई सरकवून कोंडलेली हवा सोडली; हवा आत राहिली तर गरम झाल्यावर बूट फुग्यासारखा फुगतो. मग समोरासमोरचे बोल्ट थोडेथोडे करत शेवटच्या मापापर्यंत आवळले आणि चोवीस डोक्यांवर रेघा ओढल्या, या वेळी पांढऱ्या.

शंभर किलोमीटर चालवून मालकांनी गाडी परत आणली. ‘टक्’ गेला होता, सांधे कोरडे होते. रेंच लावल्यावर तेवीस रेघा जागच्या हलल्या नाहीत. डाव्या बाजूचा एक बोल्ट केसभर फिरला. त्याची रेघ पुसून मी नवी ओढली आणि वहीत तारीख लिहिली.