टोल कशाचा घ्यायचा: रस्त्याच्या झिजेचा की अडवलेल्या जागेचा?

१४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून मुंबईच्या पाच प्रवेशनाक्यांवर, म्हणजे दहिसर, मुलुंडचे दोन नाके, ऐरोली आणि वाशी येथे, हलक्या वाहनांचा टोल माफ झाला. दुसऱ्याच दिवशी विधानसभा निवडणुकीची आचारसंहिता लागली, तेव्हा या उदारपणाचे कारण शोधायला फार लांब जावे लागत नव्हते. तरीही मुलुंडमध्ये राहणाऱ्या आणि अर्धे गणगोत ठाण्यात असणाऱ्या आमच्यासारख्यांना त्या दिवशी बरे वाटले, हे नाकारण्यात अर्थ नाही. हाकेच्या अंतरावर राहणाऱ्या मावशीकडे जेवायला जायचे तरी ४५ रुपये मोजावे लागत आणि त्याचे समर्थन कोणाला कधीच पटवून देता आले नव्हते. मला खटकते ते इतकेच की टोल घेण्यामागचा हेतू काय होता आणि काय असायला हवा, याची चर्चा टोल सुरू असताना झाली नाही आणि बंद झाल्यावरही झाली नाही.

टोलच्या बाजूने बोलताना आपण तीन वेगवेगळी कारणे एका दमात सांगून टाकतो. रस्ता बांधायला घेतलेले कर्ज फेडायचे आहे, रस्ता दुरुस्त ठेवायचा आहे आणि गर्दीला थोडा आळा घालायचा आहे. या तिन्ही कामांसाठी पैसे कोणाकडून घ्यायचे, किती घ्यायचे आणि कधी घ्यायचे याची उत्तरे निरनिराळी आहेत. ती एकाच दरपत्रकात कोंबली की कोणतेच काम धड होत नाही. मुंबईच्या नाक्यांवरचा टोल हा पहिल्या प्रकारचा होता. १९९६ साली स्थापन झालेल्या रस्ते विकास महामंडळाने नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मुंबईत ५५ उड्डाणपुलांची योजना हाती घेतली आणि तो खर्च वसूल करण्यासाठी २००२ च्या सुमारास हे नाके सुरू झाले. पुढे २०१० मध्ये वसुलीचा १६ वर्षांचा ठेका देताना शासनाने सुमारे २,१०० कोटी रुपये आगाऊ घेतले. याचा साधा अर्थ असा की २०१८ किंवा २०२३ मध्ये मुलुंडला खिडकीतून दिलेली नोट मुख्यतः २०१० साली उचललेल्या रकमेच्या परतफेडीत जात होती. त्या नोटेचा आणि पुढच्या पावसाळ्यात कांजूरमार्गजवळ पडणाऱ्या खड्ड्याचा संबंध आपण मनातल्या मनात जोडत होतो. शिवाय २०२२ च्या अखेरीस पूर्व आणि पश्चिम द्रुतगती महामार्गांची देखभाल एमएमआरडीए या महानगर विकास प्राधिकरणाकडून महापालिकेकडे गेली. टोल एका संस्थेचा आणि खड्डा दुसऱ्या संस्थेचा, अशी ही विभागणी आहे; त्यामुळे ‘टोल भरतो तरी खड्डे का’ हा आपला लाडका सवाल नाक्यावरच्या पोराला विचारून काहीच उपयोग नव्हता.

आता दुरुस्तीचे पाहू. रस्ता कोण झिजवतो, याचे उत्तर अमेरिकेतील इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात झालेल्या मोठ्या रस्ता-चाचणीने बऱ्यापैकी निश्चित केले. तेथे मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर सैनिकांनी दोन वर्षे ट्रक फिरवले आणि निष्कर्ष असा निघाला की रस्त्याची झीज ही आसावरील, म्हणजे चाके जोडणाऱ्या दांड्यावरील, वजनाच्या साधारण चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते. वजन दुप्पट झाले तर झीज सोळा पट होते. वजन २० टक्के जास्त भरले तर झीज दुपटीच्या पुढे जाते. मोटारीच्या एका आसावर जेमतेम पाऊण टन भार असतो आणि भरलेल्या ट्रकच्या आसावर दहा टन, तेव्हा त्यांच्यातील झिजेचे गुणोत्तर हजारांच्या घरात जाते. मुंबई-पुणे द्रुतगती महामार्गावर २०२३ पासून मोटारीला ३२० रुपये आणि दोन आसांच्या ट्रकला ६८५ रुपये टोल आहे. झीज हजारो पट आणि टोल दुप्पट, असा हा हिशेब आहे.

हे पाहण्यासाठी इलिनॉयला जायची गरज नाही. मुलुंडच्या आनंदनगर नाक्याच्या अलीकडे, जेथे अवजड वाहने ब्रेक दाबत थांबतात आणि पुन्हा जोर लावून सुटतात, तेथील डांबर पुढे ढकलले जाऊन त्याच्या वळ्या पडतात, चाकांच्या दोन लांबलचक चाकोऱ्या खचतात आणि पावसानंतर त्यांत तेलाचा तवंग असलेले पाणी साचून राहते. शेजारच्या मोटारींच्या मार्गिकेत तोच थर, तेच वय आणि तोच पाऊस असूनही पृष्ठभाग बऱ्यापैकी सपाट असतो. म्हणून झिजेच्या दृष्टीने पाहिले तर मोटारींना टोल माफ करून ट्रककडून तो घेत राहणे हे अजिबात अतार्किक नाही, आणि ते त्या मंत्रिमंडळाने बहुधा योगायोगाने साधले. अर्थात ट्रकवरचा टोल शेवटी कोण भरतो हेही उघड आहे. तुर्भ्याच्या घाऊक बाजारातून वाशीचा पूल ओलांडून येणाऱ्या कांद्याला तो लागतो आणि दादरच्या भाजीवालीकडे आपण तो चुकता करतो. दर वाढवण्यापेक्षा नाक्यावर वजनकाटा चालू ठेवणे आणि जादा भरलेल्या गाड्या खरोखर उतरवून घेणे रस्त्याला अधिक मानवेल.

पण मुंबईतील खड्डे केवळ ट्रकमुळे पडतात असे म्हटले तर ते अर्धसत्य ठरेल. या शहरात डांबराचा खरा शत्रू पाणी आहे. गटार तुंबते, पाणी रस्त्यावर थांबते, ते खडी आणि डांबर यांच्यामध्ये शिरते आणि वरून चाक गेले की दाबाने खडी सुटते. त्यात केबल, गॅस आणि पाण्याच्या वाहिन्यांसाठी खणलेले चर घाईघाईने बुजवलेले असतात आणि पहिला पाऊस नेमका त्या शिवणीतून आत जातो. मग भर पावसात एक टेम्पो येतो, पाणी भरलेल्या खड्ड्यात पाणी न काढताच तयार मिश्रणाची पिशवी रिकामी होते, फावड्याच्या पाठीने चार थापा बसतात आणि दुसऱ्या दिवशी ती खडी दुचाकीस्वारांसाठी रस्ताभर पसरलेली असते. यात पैशाचा तुटवडा कोठे आहे? मुंबई महापालिकेचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४,००० कोटी रुपयांहून मोठा होता. एवढ्या पैशात ज्या रस्त्याचा चर नीट बुजत नाही, तो आणखी एका टोलने बुजेल असे मला वाटत नाही.

महामार्गांची गोष्ट वेगळी आहे आणि तेथे दुरुस्तीसाठी वाहनचालकाकडून पैसे घेण्याची परंपरा या शहराशी जोडलेली आहे. १९२७ साली रस्त्यांच्या विकासाचा विचार करण्यासाठी नेमलेल्या समितीचे अध्यक्ष मुंबईचे बॅरिस्टर मुकुंदराव जयकर होते. त्यांच्या समितीने पेट्रोलवर जादा कर बसवून तो पैसा रस्त्यांसाठी वेगळा ठेवावा असे सुचवले आणि त्यातून १९२९ मध्ये केंद्रीय रस्ता निधी उभा राहिला. जो जितका रस्ता वापरेल तितके पेट्रोल जाळेल आणि तितका कर भरेल, नाका नको आणि रांगही नको, अशी ही सुटसुटीत योजना होती. विजेच्या गाड्यांनी ती मोडीत काढायला सुरुवात केली आहे. पेट्रोलवरील उपकर त्यांना लागत नाही आणि अटल सेतूवर तर ऑगस्ट २०२५ पासून विजेच्या मोटारींना टोलही माफ आहे. धूर कमी होतो म्हणून सवलत द्यावी हे मान्य, पण सकाळी नऊ वाजता विजेची मोटार रस्त्यावर पेट्रोलच्या मोटारीइतकीच जागा अडवते.

महामार्गावर टोल घ्यायचा असेल तर त्याबदल्यात वापरण्याजोगा रस्ता द्यावा लागेल, हे तत्त्व न्यायालयांनीही उचलून धरले आहे. केरळमधील पालियेक्कारा नाक्यावरचा टोल रस्त्याच्या दुरवस्थेमुळे तेथील उच्च न्यायालयाने चार आठवडे थांबवला. ऑगस्ट २०२५ मध्ये सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने त्यात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. ६५ किलोमीटरच्या टप्प्याला बारा-बारा तास लागत असतील तर लोकांनी पैसे कशाचे द्यायचे, असा सरळ मुद्दा त्या सुनावणीत होता. हे तत्त्व कंत्राटातच लिहिले जावे, म्हणजे खड्डा ठरलेल्या मुदतीत बुजला नाही की त्या टप्प्याचा टोल आपोआप कमी व्हावा, असे मला वाटते. दर वेळी कोणीतरी न्यायालयात जाईपर्यंत वाट पाहणे परवडणारे नाही.

राहिली कोंडी, आणि माझ्या मते मुंबईपुरता टोलचा खरा प्रश्न येथेच आहे. माफीच्या वेळी मंत्री दादा भुसे यांनी सांगितलेल्या आकड्यांनुसार या पाच नाक्यांवरून रोज सुमारे साडेतीन लाख वाहने जात-येत होती आणि त्यांपैकी सुमारे २ लाख ८० हजार हलकी होती. म्हणजे रस्ता झिजवणारे थोडे आहेत आणि रस्ता अडवणारे पुष्कळ. अडवण्याला वजनाशी देणेघेणे नाही. त्याचा संबंध जागेशी आणि वेळेशी आहे. रात्री दोन वाजता ऐरोलीचा पूल ओलांडणाऱ्या मोटारीमुळे कोणाचे काही बिघडत नाही, पण सकाळी सव्वानऊला तीच मोटार, बहुतेक वेळा आत एकटाच माणूस बसवून, मागच्या प्रत्येकाचा थोडा थोडा वेळ खाते. आपला जुना टोल मात्र दोन्ही वेळी ४५ रुपयेच होता. द्रुतगती महामार्गावरही हेच चालते. मंगळवारी मध्यरात्रीचे ३२० आणि लागून आलेल्या सुट्टीच्या शनिवारी सकाळचे ३२०, मग खंडाळ्याच्या घाटात सगळे एकाच वेळी येऊन अडकतात आणि त्याचे कोणालाच आश्चर्य वाटत नाही.

वेळेनुसार दर लावण्याचा प्रयोग नवा नाही. सिंगापूरने १९७५ साली केवळ काचेवर चिकटवायच्या कागदी परवान्यांवर आणि कमानींपाशी उभ्या केलेल्या माणसांवर तो चालवून दाखवला. स्टॉकहोमने २००६ मध्ये जानेवारी ते जुलै अशी चाचणी घेतली, शहराच्या सीमेवरची वाहतूक सुमारे २० टक्क्यांनी उतरली, आणि आधी नाके मुरडणाऱ्या लोकांनी नंतरच्या मतदानात थोड्या बहुमताने योजनेच्या बाजूने कौल दिला. लंडनने २००३ पासून कोंडी-शुल्क घेतले आणि त्यातून उरणारा पैसा वाहतुकीवरच खर्च करण्याचे बंधन कायद्याने घालून घेतले. तेथे पहिली काही वर्षे फरक पडला, पुढे रस्ते खोदाईने आणि सूट मिळालेल्या भाड्याच्या गाड्यांनी कोंडी पुन्हा वाढली, हेही सांगायला हवे. सूट द्यायला लागले की सूट मिळालेलीच वाहने वाढतात, हा धडा व्हीआयपी पाट्यांच्या आपल्या राज्यात विशेष लक्षात ठेवण्यासारखा आहे.

मुंबईत असे शुल्क लावण्याला माझा मात्र एक आक्षेप आहे आणि तो गंभीर आहे. मोटार घरी ठेवा असे सांगायचे तर त्या माणसाने जायचे कशाने? लोकल आधीच ओसंडून वाहते, मेट्रोचे जाळे अजून अर्धेमुर्धे आहे आणि बेस्टच्या थांब्यावर उभे राहणाऱ्याचा बसवरचा विश्वास उडत चालला आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये मोटारवाल्यांचा टोल माफ झाला आणि मे २०२५ मध्ये बेस्टचे किमान भाडे पाचाचे दहा रुपये झाले. मुंबईच्या वाहतूक धोरणाविषयी मला जो राग आहे तो या दोन निर्णयांमधील सात महिन्यांत मावतो. सुमारे १३,००० कोटी रुपये खर्चून बांधलेल्या सागरी किनारा रस्त्यावरही मोटारींना टोल नाही, आणि त्याच्याच पुढे जोडलेल्या वांद्रे-वरळी सागरी सेतूवर एका फेरीचे १०० रुपये आहेत. दरांमागे काही विचार असेल तर तो मला अजून सापडलेला नाही.

म्हणून नाक्यांवर मोटारींना पुन्हा टोल लावायचा असेल, तर मी तो भरायला तयार आहे, पण काही अटींवर. तो फक्त कामाच्या दिवशी सकाळी आणि संध्याकाळी गर्दीच्या तासांत घ्यावा, इतर वेळी आणि सुट्टीला शून्य. अवजड वाहनांना उलट रात्री सवलत द्यावी, म्हणजे ती दिवसा शहरात शिरणार नाहीत. वसुलीसाठी कोणालाही थांबवू नये. १ एप्रिल २०२५ पासून या नाक्यांवर फास्टॅग सक्तीचा झालेलाच आहे, त्यामुळे वरच्या कमानीवरून नोंद घेणे अशक्य नाही. कोंडी कमी करण्यासाठी उभारलेल्या नाक्यानेच कोंडी करावी हा विनोद आपण वीस वर्षे सहन केला. पुन्हा आगाऊ रक्कम घेऊन पुढची पंधरा-वीस वर्षे कोणाच्या तरी नावे लिहून देऊ नयेत; सध्याच्या ठेक्याची मुदत माफीची भरपाई म्हणून २०२९ पर्यंत लांबवली गेली आहे, तेव्हा तोवर विचार करायला सवड आहे. आधी सहा महिन्यांची चाचणी घ्यावी आणि तिच्या आधी या पाच नाक्यांवरून जाणाऱ्या मार्गांवर बेस्ट, ठाणे आणि नवी मुंबईच्या बस वाढवाव्यात. जमा होणारा सगळा पैसा या तीन बससेवांच्या स्वतंत्र खात्यात जावा, आणि नाक्यावर आज जेथे दरपत्रक लावलेले असते तेथे शेजारीच गेल्या महिन्यात किती जमा झाले व त्यातून कोणत्या मार्गावर किती बस आल्या, हे मोठ्या अक्षरांत लिहावे.