खुब्याचं फ्रॅक्चर आणि दुसऱ्या दिवशीचं उभं राहणं

पहाटे बाथरूममधून बाहेर येताना पाय घसरला आणि उजव्या कुशीवर आपटले. वय ७१. कळ मस्तकात गेली, पण लक्ष खिळलं ते पायावर. उजवा पाय डाव्यापेक्षा आखूड दिसत होता आणि पाऊल बाहेरच्या बाजूला पार कललेलं. सरळ करायला गेले, तर जागचं हलेना.

डॉक्टरांनी कागदावर हाड काढून दाखवलं. मांडीचं हाड मानेतच, म्हणजे वरच्या गोळ्याखालच्या अरुंद भागात मोडलं, तर त्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटू शकतो. माझ्या वयात मग बहुतेकदा गोळाच बदलतात. माझं फ्रॅक्चर मानेच्या खालचं होतं. तिथे रक्तपुरवठा चांगला असतो, म्हणून हाडाच्या पोकळीत रॉड घालून गोळ्यापर्यंत स्क्रू बसवायचं ठरलं. घरचे म्हणत होते, दोन-चार दिवस विचार करू. डॉक्टरांनी ठाम सांगितलं, शक्यतो ४८ तासांच्या आत. कमरेत भूल दिली, ऑपरेशन पार पडलं.

रात्री मी मुलीला आई समजून हाका मारत होते म्हणे. मला काही आठवत नाही, ती मात्र फार घाबरली होती. या वयात ऑपरेशननंतर असं होतं आणि बहुतेकदा ओसरतं, हे तिला कुणी आधीच सांगायला हवं होतं.

सकाळी फिजिओथेरपिस्ट वॉकर घेऊन हजर. मी म्हटलं, कालच तर ऑपरेशन झालंय! ती म्हणाली, "आजी, रॉड भार घेतो. तुम्ही फक्त उठा." वॉकरवर बोटं आवळून पांढरी पडली, कपाळावर घाम आला. चार पावलं टाकली आणि खुर्चीत बसून रडले.

भेटायला येणारा प्रत्येक जण सांगायचा, हाड जुळेपर्यंत हलू नका. माया खरी, सल्ला चुकीचा. पडून राहिलं की पायात रक्ताच्या गाठी होतात, छातीत कफ साठतो, पाठीला जखमा होतात. गाठी होऊ नयेत म्हणून महिनाभर पोटात इंजेक्शनं घेतली, पण खरं औषध चालणंच होतं. जिन्यासाठी एक नियम पाठ केला: चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा. दुखणं सहा आठवड्यांत बरंच उतरलं. बाथरूमचा उंबरठा ओलांडताना मात्र अजूनही छातीत धडधडतं. तिथे आता धरायला दांडी आहे आणि रात्रभर दिवा असतो.

एक गोष्ट मनाला लागली. एवढ्याशा पडण्याने हाड मोडलं म्हणजे ते ठिसूळ झालेलं, पण डिस्चार्जच्या कागदावर त्याबद्दल एक ओळ नव्हती. मुलीने स्वतःहून विचारलं, तेव्हा हाडांची घनता तपासली. आता कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि वर्षातून एकदा शिरेतून औषध चालू आहे. पुढच्या महिन्यात दुसरा डोस. धाकट्या बहिणीलाही सोबत नेणार आहे. तिची घनता अजून कुणी मोजलेली नाही.