भिंतीला गाल लावून

नववीच्या चित्रकलेच्या तासाला मी वर्गाला लंडनच्या नॅशनल गॅलरीत नेलं. प्रोजेक्टरवरून, अर्थात. हान्स होल्बाइनचं ‘द अँबॅसडर्स’ उघडलं. १५३३ सालचं, ओकच्या फळ्यांवरचं तैलचित्र. दोन मीटरहून थोडं उंच आणि जवळपास तेवढंच रुंद. भिंतीवर ते साधारण मूळ मापाचं पडलं. याचं श्रेय माझ्या तयारीला नाही, टेबल जिथे अडकून बसलं होतं त्या जागेला.

झूम करायला मुलांना फार आवडतं. डावीकडे जाँ द दँतव्हिल, हेन्री आठव्याच्या दरबारातला फ्रान्सचा राजदूत. त्याच्या खंजिराच्या म्यानावर त्याचं वय कोरलंय, २९. उजवीकडच्या जॉर्ज द सेल्व्हच्या कोपराखाली पुस्तक आहे, त्याच्या कडेवर २५. "एवढ्या लहान वयात राजदूत?" असं एकीने विचारलं. मग वाद्याची तुटलेली तार सापडली, हिरव्या पडद्याआड डाव्या कोपऱ्यात अर्धवट लपलेला क्रूस सापडला. पाच मिनिटं कोणी घड्याळाकडे पाहिलं नाही. माझ्या तासाला हे विशेषच.

"बाई, खाली ते काय सांडलंय?"

दोघांच्या पायांपाशी एक लांबुळका, करडा, तिरका डाग. मी झूम केलं. आणखी केलं. जितकं जवळ जावं तितकं काहीच उरेना. नुसते करडे-पिवळट पट्टे. मला उत्तर माहीत होतं. ती माणसाची कवटी आहे, मुद्दाम ताणून काढलेली. चित्राच्या उजव्या कडेला जाऊन भिंतीलगत तिरकं पाहिलं की ताणलेली रुंदी आक्रसते आणि कवटी जुळून येते. सरळ करून घेतलेल्या कवटीचं चित्र मी फाईलमध्ये तयारच ठेवलं होतं. दरवर्षी तेच दाखवते. "तिथे प्रत्यक्ष गेलात तर बाजूने बघा, इथे नाही जमायचं," असं सांगून मी ती फाईल शोधू लागले.

तेवढ्यात उजेड येतोय म्हणून शेवटच्या बाकावरचा एकजण उजवीकडची खिडकी लावायला उठला. खिडकी लावून वळला आणि तिथेच थबकला. मग भिंतीला जवळजवळ गाल टेकवून म्हणाला, "बाई, दात दिसतायत."

वर्ग हसला. मी त्याला जागेवर बसायला सांगणारच होते. मग वाटलं, बघावं तरी. गेले, त्याच्या शेजारी उभी राहिले, मान कलती केली. कवटी होती. डोळ्यांच्या खोबण्या, जबडा, सगळं जागच्या जागी. भिंत काय, लाकडी फळी काय, सपाट ती सपाटच. एवढी साधी भूमिती इतकी वर्षं माझ्या डोक्यात आली नव्हती. आणि मी मुलांना ठामपणे सांगत आले, "इथे नाही जमायचं."

फाईल उघडलीच नाही. भिंतीलगत रांग लागली. उंच मुलं गुडघ्यात वाकत होती, कोणाची सावली पडली की मागून आरडाओरडा. एक मुलगी बराच वेळ हलेना. मागचे ढकलू लागले, तेव्हा म्हणाली, "थांबा रे. बाई, इथून कवटी नीट दिसते, पण ती दोन माणसं ओळखूच येत नाहीत."

घंटा झाली तरी रांगेत सहा-सातजण उरले होते. गणिताचे सर दारात येऊन उभे राहिले. त्यांनाही आम्ही रांगेतच घेतलं.