पालकमंत्र्यांचं नाव कोण घेणार?

आपल्या जळगाव-धुळ्याकडे येणारा कुठलाही मोठा पेपर घ्या. अग्रलेखाच्या पानावर दिल्लीच्या नेत्यांवर टीका सापडते, मुंबईवाल्यांवरही सापडते, पण जिल्ह्याच्या पानावर आलं की टीकेतून माणूसच गायब होतो. तिथं काय असतं तर "नागरिकांमधून तीव्र नाराजी व्यक्त होत आहे" किंवा "लोकप्रतिनिधींनी लक्ष द्यावे अशी मागणी जोर धरत आहे". अरे कोणते लोकप्रतिनिधी? त्या गावाला आमदार एकच, खासदार एकच, जिल्ह्याला पालकमंत्री एकच, मग नाव घ्यायला काय होतं? आणि तेच मोबाईलवर गावातल्या एखाद्या पोराचं यूट्यूब चॅनल लावलं की पहिल्याच वाक्यात नाव, दुसऱ्या वाक्यात फोटो आणि तिसऱ्या वाक्यात "उत्तर द्या".

यावरून लोक सरळ म्हणून टाकतात की पेपरवाले विकले गेले आणि पोर्टलवाले, म्हणजे ही चॅनल-वेबसाइटवाली पोरं, डेरिंगबाज. मला हे पटत नाही. तालुक्याच्या वार्ताहराचं काम मी जवळून बघितलंय. त्याला पगार बहुतेक वेळा नसतोच, असलं तर नावापुरतं मानधन, घर चालतं ते जाहिरातीच्या कमिशनवर. मग भाऊंचा वाढदिवस आला की पुरवणी काढायची, पहिल्या पानावर भाऊंचा मोठा फोटो, आत सरपंच, बाजार समितीचे संचालक, ठेकेदार, पतसंस्थेचे चेअरमन यांच्या पाव-पाव पानाच्या शुभेच्छा, आणि या जाहिराती मागत दारोदार फिरणारा माणूस तोच असतो ज्याने उद्या भाऊंच्या मतदारसंघातल्या उखडलेल्या रस्त्याची बातमी लिहायची असते. त्याने कसं लिहायचं सांगा? भित्रा आहे म्हणून नाही, त्याला अशा जागी उभंच केलंय की तो लिहूच शकत नाही. दिल्लीच्या नेत्याकडून त्याला जाहिरात आणायची नसते, म्हणून तिथं लेखणी मोकळी चालते.

२००९ च्या विधानसभा निवडणुकीत तर हे पार टोकाला गेलं होतं. तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांचं कौतुक करणारा शब्दशः तोच लेख वेगवेगळ्या मोठ्या मराठी पेपरांत बातमी म्हणून छापून आला, पी. साईनाथ यांनी ते 'द हिंदू'मधून बाहेर काढलं, 'पेड न्यूज', म्हणजे पैसे घेऊन छापलेली बातमी, हा शब्द घराघरात गेला. पुढे प्रेस कौन्सिलच्या उपसमितीने यावर मोठा रिपोर्ट केला. निवडणूक आयोगापुढे प्रकरण चाललं, २०१४ मध्ये दिल्ली हायकोर्टात त्या नेत्याला दिलासाही मिळाला. कायद्याचं जे झालं ते झालं, पण वाचक म्हणून माझा प्रश्न उरतोच, की मी पैसे देऊन बातमी घेतली होती की जाहिरात?

आता दुसरी बाजू, पोर्टलवाल्यांची, आणि इथं मला जास्त बोलायचंय कारण या लोकांकडून माझी अपेक्षा जास्त आहे.

केळीचा विमा घ्या. रावेर, यावल, चोपडा पट्ट्यात हा जीवनमरणाचा विषय आहे, माझ्या मामांची केळी यावल तालुक्यात आहे म्हणून हे रामायण दरवर्षी ऐकतो. पैसे अडकले की पेपरात येतं "केळी उत्पादकांमध्ये संताप". झालं. पोर्टलवाला मात्र बागेत जाऊन उभा राहतो, पिवळी पडलेली पानं दाखवतो, शेतकऱ्याला बोलतं करतो आणि पालकमंत्र्यांचं नाव घेऊन विचारतो की पैसे कुठंय. हे फार चांगलं आहे, हे व्हायलाच पाहिजे, ते बघून मामांना वाटतं कोणीतरी आपल्या बाजूने बोललं. पण पुढे काय? हा विमा हवामानावर चालतो. बागेत किती नुकसान दिसतंय त्यावर थंडी-उष्णतेची भरपाई ठरत नाही, तर तुमच्या महसूल मंडळातल्या (म्हणजे तालुक्यातल्या काही गावांच्या गटातल्या) हवामान केंद्रावर ठरलेल्या काळात सलग किती दिवस किती तापमान नोंदलं गेलं त्यावर ठरते. हप्त्याचा एक भाग शेतकरी भरतो, बाकीचा राज्य आणि केंद्र. म्हणजे नेत्याला खरोखर धरायचं असेल तर विचारायचं हे, की आमच्या मंडळाची नोंद काय होती, ते केंद्र नीट चालू होतं का, नोंद कोणी तपासली, आणि राज्याचा हिस्सा कंपनीकडे कोणत्या तारखेला गेला. हे प्रश्न विचारले तर मंत्र्याला पळायला जागा नाही. "शेतकऱ्यांचा वाली कोण" असं ओरडलं तर तो पुढच्या सभेत "मी शेतकऱ्यांच्या पाठीशी खंबीरपणे उभा आहे" म्हणतो आणि विषय संपतो, व्हिडिओला व्ह्यूज मिळतात, मामांच्या खात्यात काही येत नाही.

व्ह्यूजचं पण बघा, पोर्टलवाल्याचेही पैसे कुठूनतरी येतातच. "भाऊंना धुतलं", "दादांची बोलती बंद" असं थंबनेल लावलं तर लोक उघडतात, मंडळनिहाय तापमान असं लावलं तर नाही उघडत. आणि काही चॅनल तर सरळ एका गटाची असतात, एका नेत्यावर रोज तुटून पडतात आणि त्याच्या विरोधकाबद्दल वर्षभर एक शब्द नाही. त्याला टीका कशी म्हणायची, तो प्रचारच झाला. आरोप केल्यावर ज्याच्यावर केला त्याला फोन लावून बाजू घेण्याची जी सवय जुन्या पेपरवाल्यांना असते ती यातल्या बऱ्याच जणांना कोणी शिकवलेलीच नाही.

तरी किंमत कोण मोजतं तेही बघितलं पाहिजे. ऑगस्ट २०२३ मध्ये पाचोऱ्यात एका स्थानिक पत्रकाराला भर रस्त्यात मारहाण झाली, त्याच्या आधी बातमीवरून आमदारांनी त्याला फोनवर केलेल्या शिवीगाळीची क्लिप राज्यभर फिरली होती. मारहाणीला जबाबदार कोण ते ठरवायचं काम पोलीस आणि कोर्टाचं. त्याच वर्षी फेब्रुवारीत राजापूरला शशिकांत वारिशे या पत्रकाराला गाडीखाली चिरडून मारलं, ते रिफायनरीच्या जमिनींबद्दल लिहायचे. पत्रकारांवरच्या हल्ल्यांविरुद्ध राज्याचा कायदा २०१७ चा आहे, म्हणजे या दोन्ही घटना कायदा असताना झाल्यात. मुंबईच्या स्टुडिओत बसलेल्या अँकरला हा धोका त्या मानाने कमी, पण तालुक्यातला पत्रकार ज्या नेत्याबद्दल लिहितो त्याचेच कार्यकर्ते त्याला सकाळी चहाच्या टपरीवर भेटतात.

आणि छोट्या पेपरातून नाव घेऊन, अभ्यास करून टीका करणं आपल्या खानदेशाला नवीन आहे का? १९३८ मध्ये साने गुरुजींनी अमळनेरहून 'काँग्रेस' साप्ताहिक काढलं. त्या वर्षी पूर्व खानदेशात (म्हणजे आजच्या जळगाव जिल्ह्यात) अतिवृष्टीने पिकं गेली, शेतसारा माफ करा म्हणून गुरुजींनी त्या साप्ताहिकातून रान उठवलं, सभा-मिरवणुका काढल्या. तेव्हा मुंबई प्रांतात सरकार कोणाचं होतं? काँग्रेसचंच, बाळासाहेब खेरांचं. म्हणजे स्वतःच्या पक्षाचं सरकार, साप्ताहिकाचं नावसुद्धा पक्षाचं, आणि मागणी मात्र शेतकऱ्याची. आज किती पोर्टलं आपल्या बाजूच्या नेत्याला असं विचारतात? अमळनेरचे आमचे आबा मोठ्या पेपरचं जिल्ह्याचं पान चाळून झालं की विचारतात, "मंग हाऊ पेपर आपला काय कामना?" (मग हा पेपर आपल्या काय कामाचा?) खरंच सांगतो, मला त्यांना अजून उत्तर देता आलेलं नाही.

म्हणून इथं वाचणाऱ्यांपैकी कोणी आपल्या भागात चॅनल किंवा पोर्टल चालवत असेल तर एक करा. माहिती अधिकारात कृषी कार्यालयाकडे तुमच्या मंडळाची हवामानाची नोंद आणि राज्याच्या हिश्शाची तारीख मागा, अर्जाला दहा रुपये लागतात, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. आलेला कागद स्क्रीनवर जसाच्या तसा लावा, विमा कंपनीला आणि पालकमंत्र्यांच्या ऑफिसला फोन करा, ते काय म्हणाले तेही दाखवा, नाही बोलले तर नाही बोलले असं सांगा, आणि मग नाव घेऊन काय विचारायचं ते विचारा. अशा चॅनलची वर्षाची वर्गणी मी आगाऊ भरतो, मामांकडूनही घेऊन देतो. खाली लिंक टाका.